कार्टूनवाला फ्यूजनफॉल गेम नऊ वर्षांच्या मुलीला द्यावा का?

कोलशेतची_आई

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो, मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. तिच्या बसमधल्या सगळ्या मुली कुठला ना कुठला ऑनलाइन गेम खेळतात, घरी आली की तेच सुरू, आई अमकीने घर बांधलं, तमकीकडे ड्रॅगन आहे. आत्तापर्यंत अभ्यासाचं कारण सांगून वेळ मारून नेली पण परीक्षा संपतायत, एप्रिलच्या उन्हात दुपारी खाली कोणी उतरत नाही, आणि मलाही मनापासून वाटतं की नुसतं नाही नाही करण्यापेक्षा आपणच एखादा धड गेम शोधून द्यावा. तिला रक्तबिक्त अजिबात आवडत नाही, कार्टून मात्र जीव की प्राण.

माझा मावसभाऊ म्हणाला की कार्टून नेटवर्कचा फ्यूजनफॉल म्हणून एक गेम होता, डेक्स्टर, बेन टेन, पॉवरपफ गर्ल्स सगळे एकाच जगात, बाकीच्यांबरोबर ऑनलाइन खेळायचा, खास मुलांसाठी काढलेला. शोधला तर वेगवेगळ्या नावांच्या साइट दिसतात, खरी कुठली तेच कळत नाही. तो अजून चालू आहे का? एवढ्या लहान मुलीला द्यावा का? नाहीतर त्याच धाटणीचा दुसरा कुठला? घरी एक जुना विंडोज लॅपटॉप आहे, टॅब द्यायचा नाही हे आमचं ठरलंय. नवरा म्हणतो कार्टूनच आहे ना मग काय होतंय, पण ती कोणाशी बोलेल याची मला धास्ती वाटते.


ऐरोली_सेक्टर८

ताई, फ्यूजनफॉल माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ उत्तर. अधिकृत फ्यूजनफॉल आता कुठेच नाही. १४ जानेवारी २००९ ला सुरू झाला, कार्टून नेटवर्कने कोरियातल्या ग्रिगॉन एंटरटेनमेंट कंपनीबरोबर बनवला होता, आणि २९ ऑगस्ट २०१३ ला बंद केला. सुरुवातीला पुढचं सगळं खेळायला महिन्याचे पैसे लागायचे, २०१० मध्ये फुकट केला. ब्राउझरमध्येच चालायचा, युनिटीचं प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून, आणि तसली प्लगइन क्रोमने २०१५ मध्येच काढून टाकली. त्यामुळे कुठली साइट "क्लिक करा आणि ब्राउझरमध्ये लगेच मूळ फ्यूजनफॉल खेळा" म्हणत असेल तर तिकडे फिरकूच नका.

आता गेमबद्दल. फ्यूज नावाच्या खलनायकाचा अख्खा ग्रह पृथ्वी गिळायला आलाय, त्याच्यातून हिरवा चिकट पदार्थ पडतो आणि त्याचे राक्षस होतात, आपण त्यांच्याशी लढणारा एक नवा हिरो. मूळ आवृत्तीत सुरुवात अशी की डेक्स्टरच्या कालयंत्राची चाचणी देताना आपण भविष्यात जाऊन पडतो आणि तिथे फ्यूजने जवळजवळ सगळं संपवलेलं असतं, ओळखीच्या जागा पडलेल्या, आकाश हिरवट. मग परत वर्तमानात येऊन ते सगळं टाळायचं. मुलांच्या गेमसाठी ही फार धाडसी सुरुवात होती असं माझं प्रामाणिक मत आहे. नंतर ती बदलून सोपी अकादमी आणली.

आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे नॅनो. आपल्या लाडक्या कार्टूनची एक हिरवी दुष्ट प्रतिकृती कुठल्यातरी गुहेत दडलेली असते, तिथे जाऊन तिला हरवलं की त्या पात्राचा छोटासा नॅनो आपल्याला मिळतो आणि खांद्याशी तरंगत आपल्याबरोबर फिरतो. पहिला बटरकपचा मिळायचा. एका वेळी तीनच बरोबर घेता येतात, आणि त्यांच्या तीन जाती, दगड-कागद-कात्रीसारखं प्रत्येक जात एकीला भारी आणि एकीपुढे कच्ची, म्हणून कोणाला बरोबर न्यायचं याचा विचार करावा लागतो. चार जणांपैकी एक मार्गदर्शक निवडायचा, डेक्स्टर, बेन, एड (टोपीवाला, हुशार तो) नाहीतर चक्क मोजो जोजो. पॉवरपफ बघितलेल्या मुलीला मोजो जोजो आपल्या बाजूने लढतोय हे पचवायला वेळ लागेल! पात्रं पण जरा मोठी झालेली, जपानी अॅनिमेच्या अंगाने काढलेली. रक्त कुठेच नाही.

आज जे चालू आहे ते चाहत्यांनी चालवलेलं, ओपनफ्यूजन नावाचं. त्याआधी रेट्रो आणि लेगसी असे दोन चाहत्यांचे प्रकल्प होते, कार्टून नेटवर्कच्या कॉपीराइट नोटिशीमुळे एप्रिल २०२० मध्ये दोन्ही बंद झाले. ओपनफ्यूजनचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, लाँचर (गेम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून विंडोजवर चालतो, जुन्या लॅपटॉपला पण झेपेल. पण नऊ वर्षांच्या मुलीला तो एकटीला देऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. गेम वाईट म्हणून नाही. आता तिथे खेळणारे बहुतेक सगळे तेव्हाची मुलं आहेत, म्हणजे आज पंचवीस-तीसच्या पुढची माणसं, आणि ती आपसात मोठ्यांसारखीच बोलणार.


उपवनच्या_फेऱ्या

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. नऊ वर्षं म्हणजे काही वय नाही ऑनलाइन खेळायचं. संध्याकाळी साडेपाचनंतर उन्हं उतरली की उपवनला न्या, सायकल द्या, पोहायला घाला. आमच्या सोसायटीत तीन-चार आयांनी मिळून दुपारी आळीपाळीने एकेकीच्या घरी पत्ते कॅरम ठेवलाय, मुलं खूश आहेत.


सीवूड्स_दादा

उपवन ताईंचं पटलं तरी मूळ प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण ही मुलगी आज नाही तर सहावीत खेळणारच आहे, मैत्रिणीच्या फोनवर खेळेल. त्यापेक्षा आईने निवडलेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच की गेममध्ये कार्टून आहे का, मारामारी किती आहे हे सगळं नंतर बघा, आधी चॅट बघा. अनोळखी माणूस तुमच्या मुलीला स्वतःच्या शब्दांत काही लिहू शकतो का? तो गेम मुलांसाठी आहे की नाही ते याच्यावर ठरतं, पोस्टरवर कोण आहे त्याच्यावर नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डिस्नेचा टूनटाउन. २००३ मध्ये सुरू झाला, १९ सप्टेंबर २०१३ ला बंद झाला. आपण कुत्रा, मांजर, बदक असं काहीतरी व्हायचं आणि शहर काबीज करायला आलेल्या सुटाबुटातल्या रोबोंना पळवून लावायचं, त्यांना कॉग म्हणतात. त्यांना विनोद सहन होत नाहीत म्हणून हत्यारं काय तर तोंडावर फेकायचा केक, पाणी उडवणारं फूल, केळ्याचं साल. आपलं आयुष्य मोजायला हसूचा मीटर, तो शून्यावर आला की आपण मरत नाही, उदास होतो आणि खेळाच्या मैदानात परत जातो, तिथे हळूहळू हसू भरून येतं. मला आजपर्यंत याच्याइतकी प्रेमाने विचार केलेली "हरण्याची" पद्धत दुसऱ्या गेममध्ये दिसलेली नाही.

आणि चॅट. मूळ टूनटाउनमध्ये अनोळखी लोकांशी फक्त ठरलेल्या वाक्यांतून बोलता यायचं, यादी उघडायची, "नमस्कार", "मदत करशील का", "चल जाऊ" असलं निवडायचं, बस. टाइप करून मोकळं बोलायचं असेल तर एकाने दुसऱ्याला गुप्त कोड द्यायचा, आणि तो कोड गेममध्ये लिहिताच येत नसल्याने तो प्रत्यक्ष भेटून नाहीतर फोनवरच द्यावा लागेल, म्हणजे आपोआप तो ओळखीचाच असेल. ज्याला तुमचं बोलणं वाचायची परवानगी नाही त्याला मांजरीचं नुसतं म्याव म्याव दिसायचं.

आता पोरांनी काय केलं बघा. गेममध्ये प्रत्येकाला घर असतं, सामान हलवता येतं. एक जण यादीतून म्हणणार "माझ्या घरी ये". दुसरा गेला की पहिला भिंतीवरच्या फ्रेमा आणि फर्निचर सरकवून जमिनीवर ४ चा आकडा करणार, समोरचा कागदावर ४ लिहून घेणार आणि यादीतून "ओके" म्हणणार, मग सामान परत सरकवून पुढचं अक्षर. असा अख्खा कोड एकेक अक्षर करून पोचवायचे, एक शब्दही टाइप न करता. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण जगातल्या सगळ्यात काळजीपूर्वक बांधलेल्या चॅटमधूनसुद्धा मुलं वाट काढतात, त्यात वाईट हेतू नसतो, मैत्री करायची असते. म्हणून सेटिंग लावून आपण दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो तर काम झालं असं होत नाही.

टूनटाउन बंद झाला त्याच दिवशी चाहत्यांनी टूनटाउन रिरिटन जाहीर केला, तो आजही चालतो, फुकट आहे. ठरलेल्या वाक्यांची यादी तिथेही आहे. माझी पुतणी माझ्या शेजारी बसून खेळते. तुमच्या मुलीसाठी मी फ्यूजनफॉलच्या आधी हा बघेन.


कोलशेतची_आई

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. हसूचा मीटर वाचून दाखवला तर ती उड्याच मारायला लागली. एक शंका आहे, चाहत्यांनी चालवलेला म्हणजे नक्की जबाबदार कोण? काही झालं तर तक्रार कुठे करायची? आणि जन्मतारीख विचारली तर काय टाकायची, बसमधल्या मुली म्हणे सरळ २००० साल टाकतात.


खारघर_बाबा

जन्मतारखेचं आधी सांगतो कारण ते फार महत्त्वाचं आहे. खोटं साल अजिबात टाकू देऊ नका. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या परवानगीशिवाय घ्यायला बंदी आहे, तो कायदा १९९८ चा, म्हणून बऱ्याच गेममध्ये १३ चा उंबरठा असतो आणि त्याच्या खालच्या वयाला चॅट आपोआप आवळलेलं असतं. मुलीने २००० टाकलं की गेमच्या लेखी ती पंचविशीतली बाई झाली, मग मुलांसाठी केलेली सगळी कुंपणं तिच्यासाठी उघडी. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ खालच्या प्रत्येकाला मूल धरलंय, पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई.

आता जबाबदारी. चाहत्यांच्या सर्व्हरमागे बहुतेक वेळा कंपनी नसते, नोकरी-शिक्षण सांभाळून चालवणारे लोक असतात. काही फार निष्ठेने चालवतात, टूनटाउन रिरिटन इतकी वर्षं टिकलाय ते उगाच नाही. पण सगळे सारखे नसतात. डिस्नेचा क्लब पेंग्विन २०१७ मध्ये बंद झाल्यावर त्याच्या नकला निघाल्या, त्यातल्या एकीवर मुलांना अश्लील मेसेज जातायत असं २०२० मध्ये बीबीसीने उघड केलं आणि डिस्नेने ती बंद करायला लावली. गेम तोच, पेंग्विन तेच, दिसायला गोड. चालवणारे बदलले की आतलं वातावरण बदलतं. त्यामुळे कुठल्याही अशा गेममध्ये पहिल्या दिवशी आपण स्वतः अकाउंट काढून तासभर फिरा, लोक काय बोलतात ते वाचा, आणि रिपोर्टचं बटण कुठे आहे ते शोधून ठेवा. बटण सापडलं नाही तर तिथेच थांबा.

माझ्या मुलाला एका मोबाइल गेममध्ये (नाव नको) कोणीतरी चार दिवस गोड बोलून मग शाळा कुठली, बस किती वाजता येते असं विचारलं. त्याने लगेच येऊन आईला सांगितलं म्हणून बरं. आम्ही स्क्रीनचे फोटो काढून ठेवले, त्या माणसाला ब्लॉक केलं आणि सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन करून पुढे काय करायचं ते विचारलं. पैशांच्या फसवणुकीसाठी लोकांना तो नंबर माहीत असतो, पण सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर लहान मुलांसंदर्भातल्या तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे. चाइल्डलाइनचा १०९८ पण भिंतीवर लिहून ठेवा. फोटो काढायच्या आधी अकाउंट डिलीट करू नका, घाईत लोक तेच करतात आणि मग हातात पुरावा राहत नाही.


ऐरोली_सेक्टर८

खारघरकरांशी शंभर टक्के सहमत. कोलशेत ताई, लॅपटॉप हॉलमध्ये ठेवा, स्क्रीन सोफ्याच्या दिशेने. विंडोजवर तिच्यासाठी वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, वेळेची मर्यादा लागते आणि नवीन काही टाकायला तुमची परवानगी लागते. गेमसाठी ईमेल तुमचाच द्या. गेममधल्या नावात तिचं नाव, शाळा, जन्मसाल, ठाणे काहीच नको, टूनटाउनमध्ये तयार शब्द जोडून नाव बनवायची सोय आहे, ती वापरा, तो भाग मुलांना आवडतो पण खूप.

आणि मावसभावाला सांगा, एखाद्या रविवारी घरी येऊन तिला शेजारी बसवून स्वतःच्या अकाउंटवरून ओपनफ्यूजन दाखवायला. चॅटची खिडकी त्याच्याकडे, माउस तिच्याकडे. बटरकपचा नॅनो मिळेपर्यंत साधारण एका बैठकीत होतं.


कोलशेतची_आई

फोन केला त्याला, येतोय रविवारी. टूनटाउनचं अकाउंट आज रात्री ती झोपल्यावर मी आधी स्वतःचं काढते. दादा, त्या रोबोंमधले सोपे कुठून सुरू करायचे?


सीवूड्स_दादा

टूनटाउन सेंट्रल, म्हणजे जिथून गेम सुरू होतो त्या भागाच्या मैदानातून जो कुठला रस्ता बाहेर पडतो तिथे जा, सुरुवातीचे कमी पातळीचेच असतात. केक आणि पाण्याचं फूल पहिल्यापासून तुमच्याकडे असतं. लढाईत एका बाजूला चार जण असू शकतात जास्तीत जास्त, त्यामुळे कोणीतरी अनोळखी येऊन शेजारी उभा राहिला तर घाबरू नका, मदतीलाच आलेला असतो, यादीतून आभार माना आणि फेका केक.