'एक्स्ट्रीमिझम'ला काय म्हणावं: जहालपणा, अतिरेक की आणखी काही?

तळटीप
एका वाक्यापाशी भाषांतर अडलं आहे, मदत हवी. मजकूर अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाबद्दल आहे. जुलै १९६४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पक्षाचं अधिवेशन होतं. तिथे पक्षातल्या मवाळ गटाचे नेते नेल्सन रॉकफेलर व्यासपीठावर येऊन म्हणाले की जॉन बर्च सोसायटी (कडवी कम्युनिस्टविरोधी संघटना), कू क्लक्स क्लॅन (गोऱ्यांची वंशद्वेषी संघटना), कम्युनिस्ट अशा 'एक्स्ट्रीमिस्ट' मंडळींचा पक्षाने नाव घेऊन निषेध करावा. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली, ठरावही पडला. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना बॅरी गोल्डवॉटर म्हणाले (माझा कच्चा खर्डा):

"स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी दाखवलेला ______ हा दुर्गुण नव्हे. आणि न्यायाच्या पाठपुराव्यात दाखवलेला ______ हा सद्गुण नव्हे."

पहिल्या रिकाम्या जागेत 'एक्स्ट्रीमिझम'साठी (दुसरीत 'मॉडरेशन' आहे) असा शब्द हवा, जो रॉकफेलर यांच्या तोंडी शिवी वाटेल आणि गोल्डवॉटर यांनी तोच उचलून मिरवला हेही कळेल. 'अतिरेकीपणा' लिहिलं की वाचकाला लगेच बंदूक दिसते. 'कट्टरता' लिहिलं तर मराठीत कट्टर कार्यकर्ता हे कौतुकच असतं.

खिळेजुळारी
जहालपणा आणि मवाळपणा. दोन्ही जागा भरल्या. एवढी तयार जोडी इतर किती भाषांकडे आहे? विषय संपला.

अनुनासिक
संपला कसा? जहाल म्हटलं की मराठी वाचकापुढे लोकमान्य उभे राहतात. १९०७ला सुरतेत काँग्रेस फुटली, जहाल बाहेर पडले, १९१६ला लखनौत परत आले आणि पुढे दोनच वर्षांत मवाळांनाच वेगळी चूल मांडावी लागली. ही गोष्ट आपण शाळेत जहालांच्या बाजूने शिकलो. त्यामुळे तुमचा मराठी गोल्डवॉटर तोंड उघडायच्या आधीच टाळ्या घेऊन जाणार. त्या वाक्याने तिकडे लोक दचकले होते, इकडे कोण दचकणार?

खिळेजुळारी
पण जहाल विष म्हणतोच की आपण. तिथे कुठे लोकमान्य आठवतात?

शब्दखूळ
मुळात जहाल हा अरबी 'जाहिल'चा अवतार आहे. जाहिल म्हणजे अडाणी. मागचापुढचा विचार न करणारा तो जाहिल, तोच पुढे जहाल. आमचे आजोबा हे छातीठोकपणे सांगायचे आणि ते फारसी शिकलेले होते. तेव्हा शिवी त्या शब्दाच्या पोटातच आहे, फक्त जागी करायची.

ऱ्हस्वदीर्घ
मग जहाल विष म्हणजे अडाणी विष का? मला 'जलाल' जास्त पटतो. जलाल म्हणजे तेज, दरारा. प्रखर औषध, प्रखर विष, प्रखर माणूस असा प्रवास सरळ लागतो. बाकी मूळ प्रश्नासाठी 'आत्यंतिकतावाद' हा शुद्ध, नेमका आणि कोणत्याही पूर्वग्रहाविना वापरता येण्याजोगा शब्द उपलब्ध आहे. परकीय शब्दाची गरज नाही.

शब्दखूळ
जलालमधल्या ल-चा ह कधी झाला ते सांगा, मग पुढे बोलू. 'पटतो' म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

खिळेजुळारी
ऱ्हस्वदीर्घ, 'आत्यंतिकतावाद हा दुर्गुण नव्हे' हे एकदा मोठ्याने ओरडून बघा. तिसऱ्या अक्षराला जीभ अडखळते. वाक्य भाषणातलं आहे हो, प्रबंधातलं नाही.

ऱ्हस्वदीर्घ
सवय नसलेला प्रत्येक शब्द अडखळतो. लोकांनी वापरला की सुटतो. 'अभियांत्रिकी' आज कोणाला अडखळते?

तळटीप
सगळ्यांचे आभार, पण वाक्य अजून तिथेच आहे. त्यात भर म्हणजे त्याच प्रकरणात पुढे 'लुनॅटिक फ्रिंज' आला आहे, म्हणजे पक्षाच्या कडेची ही माथेफिरू मंडळी मुख्य प्रवाहात कशी आली अशी चर्चा. 'फ्रिंज'ला मी 'परिघावरचे' लिहून ठेवलंय. चालेल?

ऊर्ध्वरेघ
अजिबात चालणार नाही. मराठीत गेली कित्येक दशकं परिघावरचा माणूस म्हणजे ज्याला केंद्राने बाहेर ठेवलं, ज्याला आवाज मिळाला नाही असा माणूस. गावकुसाबाहेरचे, उपेक्षित, वंचित या शब्दांच्या शेजारी तो बसतो. तो शब्द लोकांनी मेहनतीने कमावलाय. आता त्याच खुर्चीत तुम्ही क्लॅनच्या सहानुभूतीदारांना बसवणार? या लोकांना कोणी बाहेर ढकललेलं नव्हतं. जॉन बर्च सोसायटी १९५८ साली रॉबर्ट वेल्च यांनी काढली, आणि ते गोड गोळ्यांच्या धंद्यातून निवृत्त झालेले सुखवस्तू गृहस्थ होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरसुद्धा कम्युनिस्ट कटात सामील आहेत असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. कडेला होता तो त्यांचा विचार, त्यांची परिस्थिती नव्हे.

अनुनासिक
ऊर्ध्वरेघ यांच्याशी शंभर टक्के सहमत. शिवाय 'परिघावरचे मुख्य प्रवाहात' यात भूमितीतला माणूस नदीत पडतो. परिघ असेल तर केंद्र हवं, प्रवाह असेल तर काठ हवा.

खिळेजुळारी
मग 'काठावरचे' म्हणा. पण काठावर म्हटलं की पुढे 'पास' आपोआप येतं.

शब्दखूळ
लुनॅटिक फ्रिंजची मजा माहीत आहे ना? हा वाक्प्रचार थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३ साली रुळवला, आणि विषय काय, तर चित्रकला! न्यूयॉर्कमधलं आधुनिक कलेचं मोठं प्रदर्शन पाहून आल्यावर त्यांनी क्युबिस्ट वगैरे मंडळींना हे विशेषण बहाल केलं. प्रत्येक पुढे जाणाऱ्या चळवळीला अशी एक कड असतेच असं त्यांचं म्हणणं. त्याही आधी अमेरिकेत बायकांच्या कपाळावर कापून सोडलेल्या केसांना थट्टेने हेच म्हणत. तेव्हा अस्सल मराठी प्रतिशब्द एकच: झुलपं! पक्षाची झुलपं डोळ्यावर आली.

खिळेजुळारी
😂 हे छापून आलं तर मी पुस्तक विकत घेईन.

ऱ्हस्वदीर्घ
थट्टा पुरे. शिवाय वर्तमानपत्रांत हल्ली 'मुख्यधारा' वाचावे लागते, त्यावर कोणीच बोलत नाही. धारा म्हणजे मराठीत पावसाच्या, दुधाच्या, अश्रूंच्या. मुख्यधारा ही हिंदीची उसनवारी आहे.

अनुनासिक
इथे तरी कोणी मुख्यधारा लिहिलं नाही. तळटीप यांनी 'मुख्य प्रवाह'च लिहिलंय. नसलेल्या चोराला का मारताय?

खिळेजुळारी
'अतिरेकी'वरून आठवलं. मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. युरोपातल्या निवडणुकीची बातमी, मथळ्याला जागा तीन शब्दांची. आमच्या एका सहकाऱ्याने 'अतिरेक्यांची मुसंडी' असा मथळा लावला. बातमी होती मतांची टक्केवारी वाढल्याची. सकाळी वाचक फोन करून विचारताहेत, किती मेले? तेव्हापासून मी 'अतिउजवे' किंवा 'अतिडावे' लिहितो. शब्द कोरडा आहे पण निदान कोणी मरत नाही.

ऊर्ध्वरेघ
अतिउजवे हे ठिकाण सांगतं, वृत्ती नाही. जर्मनांनी हा घोळ बऱ्यापैकी सोडवलाय. त्यांच्याकडे राज्यघटनेच्या संरक्षणासाठी वेगळं गुप्तवार्ता खातं आहे आणि त्या खात्याच्या भाषेत 'रॅडिकल' आणि 'एक्स्ट्रीमिस्ट' वेगळे. रॅडिकल म्हणजे मुळापासून बदल मागणारा, पण लोकशाहीची चौकट मानणारा. तो कायद्यात बसतो. एक्स्ट्रीमिस्ट म्हणजे ती चौकटच नको असलेला. आपल्याकडे पहिल्यासाठी 'जहाल' ठेवा आणि दुसऱ्यासाठी वेगळा शब्द शोधा. गोल्डवॉटर यांचा खेळ असा की त्यांनी दुसऱ्यावरचा आरोप पहिल्याच्या अर्थाने उत्तरला. म्हणून तुम्हाला एक शब्द सापडत नाहीये, तळटीप. त्या वाक्यात दोन अर्थ मुद्दाम एकत्र कोंबलेत.

तळटीप
हे फार उपयोगी आहे. पण मग एकच मराठी शब्द दोन्ही अर्थ कसा पेलणार?

अनुनासिक
नुसता 'अतिरेक' लिहून बघा, ई-कार न लावता. "स्वातंत्र्याच्या रक्षणात अतिरेक झाला तर तो दुर्गुण नव्हे." अतिरेक ही अजून वृत्ती आहे, अतिरेकी हा आता व्यवसाय झालाय.

आणि एक मोठा मुद्दा. तुम्ही सगळे नामाच्या मागे लागलात, खरी गोम क्रियापदात आहे. 'मुख्य प्रवाहात आले', 'शिरले', 'चंचुप्रवेश केला' या सगळ्यांत कर्ता कोण? कडेचे लोक. जणू मुख्य पक्ष दार लावून झोपले होते आणि चोर खिडकीतून आला. तसंही होतं कधीकधी. ब्रिटनच्या मजूर पक्षात मिलिटंट नावाच्या वृत्तपत्राभोवतीचा ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे कडवा क्रांतिवादी डावा गट शिस्तीत शिरला होता. लिव्हरपूलची नगरपालिका त्यांच्या मुठीत गेली आणि पक्षाचे नेते नील किनॉक यांना १९८५च्या अधिवेशनात त्यांच्यावर जाहीर तोफ डागावी लागली. हा खरा शिरकाव.

पण इटलीत १९२१ला पंतप्रधान जिओलित्ती यांनी मुसोलिनीच्या लोकांना स्वतःच्या निवडणूक आघाडीत घेतलं, तेव्हा कुठे त्यांचे पस्तीसेक खासदार झाले. जर्मनीत १९२८ला नाझींना २.६ टक्के मतं होती, १९३०ला १८.३. एवढ्याने सत्ता मिळत नव्हती. १९३३च्या जानेवारीत माजी चान्सेलर फॉन पापेन आणि मंडळींनी हिटलरला चान्सेलर केलं. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच, बाकी सगळे आपलेच, तेव्हा याला आपण कोपऱ्यात दाबून ठेवू असा हिशेब. याला 'शिरले' म्हणाल? यांना घेतलं. बोलावून घेतलं. मराठीत प्रयोजक क्रियापदं फुकट दिलीत का देवाने?

शब्दखूळ
वा! पण तिसराही प्रकार आहे. यूकिप, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणणारा पक्ष. २००६ला हुजूर पक्षाचे नेते कॅमरून यांनी त्यांची वेडगळ म्हणून टर उडवली, २०१३ला त्यांचीच मागणी उचलून सार्वमताचं वचन दिलं. २०१५ला यूकिपला १२.६ टक्के मतं आणि खासदार किती, तर एक! पुढच्या वर्षी ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. पक्ष उंबऱ्याबाहेरच राहिला, त्याचं म्हणणं आत जाऊन बसलं. याला कुठलं क्रियापद?

खिळेजुळारी
म्हण आहे ना. 'वळचणीचं पाणी आढ्याला.' कडेचं सगळ्यात वर जाऊन बसलं. फ्रिंजला 'वळचण' हाच शब्द.

ऱ्हस्वदीर्घ
अहो, ती म्हण न घडणाऱ्या गोष्टीसाठी आहे. पाणी उलटे चढत नाही हेच तिचे तात्पर्य. येथे तर ते प्रत्येक पिढीत चढताना दिसते आहे. शिवाय 'सत्तेच्या वळचणीला' याचा अर्थ आश्रयाला आलेले संधिसाधू असा रूढ आहे. आपण दोन्ही अर्थ एकाच शब्दात घुसडू पाहता.

ऊर्ध्वरेघ
म्हण चुकीचीच, पण वेगळ्या कारणाने. पाणी कोणी हातपंपाने चढवत असेल तर पंपवाल्याचं नाव म्हणीत कुठे आहे? अनुनासिक यांचा मुद्दा तोच आहे. गोल्डवॉटर यांचंच घ्या. उजव्या विचारांचे संपादक विल्यम बकली यांनी १९६२ला वेल्च यांच्यावर सडकून लिहिलं, पण सोसायटीच्या सामान्य सदस्यांना दुखवलं नाही, कारण दारोदार फिरणारे प्रचारक तेच होते. गोल्डवॉटर यांनीही तसंच केलं. निवडणुकीत सहाच राज्यं मिळाली, दणकून आपटले. पण त्या प्रचारात तयार झालेले लोक पक्षात राहिले आणि त्याच प्रचारात भाषण करून नाव कमावलेला एक नट, रेगन, १९८०ला राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

शब्दखूळ
रेगन यांना सरळ फ्रिंजमध्ये टाकणं अन्याय आहे.

ऊर्ध्वरेघ
टाकलं नाही. कोण कुठून आलं एवढंच सांगितलं. फ्रिंज ही माणसावरची कायमची खूण नसते, हा तर मुद्दा आहे.

तळटीप
जाता जाता, जर्मनीवर एक उतारा आहे तिथे 'ब्रांडमाउअर' येतो, म्हणजे अतिउजव्या एएफडीशी कोणत्याही पक्षाने हातमिळवणी करायची नाही हा अलिखित संकेत. शब्दशः आग अडवणारी भिंत. फ्रान्स-बेल्जियममध्ये यालाच साथीच्या रोगातली नाकेबंदी म्हणतात. मराठीत 'बहिष्कार' लिहू का 'वाळीत टाकणे'?

ऊर्ध्वरेघ
वाळीत टाकणे नको, परिघाचंच दुखणं पुन्हा. वाळीत नेहमी दुबळ्याला टाकतात.

खिळेजुळारी
लक्ष्मणरेषा! मराठी वाचकाला एका शब्दात कळेल.

अनुनासिक
अरे वा, हा बसतोय. आणि कसा बसतो बघा. रेषा रावणाला ओलांडता येतच नाही. ओलांडते ती सीता, भिक्षा घालायला. २०२०च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यात नेमकं हेच झालं. एएफडीने काही ओलांडलं नाही. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी त्यांच्या जोडीने एकाच उमेदवाराला मतं दिली आणि फ्री डेमोक्रॅट पक्षाचे केमेरिश मुख्यमंत्री झाले. देशभर गदारोळ उठला, काही दिवसांत राजीनामा. नाझींचा पहिला राज्यमंत्रीही १९३०ला याच थुरिंगियात, फ्रिक. आणि तोही आघाडीतल्या इतर पक्षांनीच घेतलेला.

शब्दखूळ
राज्यमंत्री नव्हे, 'राज्यातला मंत्री' म्हणा. राज्यमंत्री म्हणजे आपल्याकडे दुय्यम दर्जाचा मंत्री. फ्रिककडे तिथलं गृह आणि शिक्षण दोन्ही होतं.

ऱ्हस्वदीर्घ
वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही. नंतरची भर आहे.

खिळेजुळारी
वाचक वाल्मीकी वाचून वर्तमानपत्र उघडत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
म्हणूनच तर चुकीचे शब्द रूढ होतात.

अनुनासिक
रेषा नंतरची भर असेल तर उलट जास्तच शोभते. जर्मनीतही ती भिंत घटनेत कुठे लिहिलेली नाही, पक्षांनी स्वतः घालून घेतलेली आहे. २०२५ला एएफडी २०.८ टक्क्यांवर जाऊन दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला, तेव्हा ती किती टिकेल हा वेगळा प्रश्न.

शब्दखूळ
पण सीतेचा हेतू चांगला होता. तुमच्या त्या पक्षांचा होता का? उपमा तिथे फसते.

ऊर्ध्वरेघ
पापेन यांनाही आपला हेतू चांगलाच वाटत होता.

ऱ्हस्वदीर्घ
रामायणासाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. आणि कोणीतरी 'हुर्यो' स्त्रीलिंगी की पुल्लिंगी ते तपासा, पहिल्या प्रतिसादापासून खटकते आहे.