मदत हवी आहे : आवश्यक दुरुस्ती नाकारणाऱ्या ग्राहकाला लॅपटॉप तसाच परत द्यावा का?

नमस्कार. म्हापशात माझे संगणक व लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. बार्देश, पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून माझ्याकडे काम येते. ग्राहकांत लहान व्यापारी, निवृत्त शिक्षक, देवस्थान समित्या, किनारी भागात पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे असे सगळे आहेत. बिघाड शोधण्यात मला अडचण येत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. बिघाड दाखवला, त्याचे परिणाम समजावले, खर्चाचा आकडा सांगितला, तरीही ग्राहक ‘ते राहू दे, तुम्ही फक्त चालू करून द्या’ म्हणतो, तेव्हा माझे कर्तव्य कुठे संपते हे मला ठरवता येत नाही. या व्यवसायातील मंडळींचे आणि कायद्याची माहिती असलेल्यांचे, दोघांचेही मत मला हवे आहे.

प्रत्येक नकाराबद्दल माझी तक्रार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या जुन्या यंत्रात विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यांना मी त्यातील धोका सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. रॅम वाढवणे, नवा कीबोर्ड बसवणे ही कामेही पुढे ढकलता येतात. ज्या दुरुस्तीवाचून डेटा किंवा माणूस धोक्यात येतो, तिच्याविषयीच मी लिहीत आहे.

डेटाचा प्रश्न बहुधा हार्ड डिस्कपाशी येतो. एखादा व्यापारी ‘संगणक मंद झाला आहे’ एवढीच तक्रार घेऊन येतो. डिस्कची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावून पाहिले की डिस्कची स्थिती पिवळ्या, म्हणजे सावधानतेच्या, रंगात दिसते, रिअॅलोकेटेड सेक्टर वाढलेले असतात आणि काही सेक्टर वाचले जाण्याच्या प्रतीक्षेत अडकलेले असतात. याचा अर्थ डिस्कचा पृष्ठभाग जागोजागी निकामी होत आहे आणि खराब जागांऐवजी राखीव जागा वापरून ती कसाबसा तग धरून आहे. ती आठवडाभर चालेल की वर्षभर, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि ग्राहकाला नेमके हेच पटवणे कठीण जाते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर टॅली उघडलेली असते आणि बिलेही छापली जात असतात. शिवाय जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे असल्याने ‘तोपर्यंत हात लावू नका’ असे तो सांगतो. अशा वेळी डिस्क बदलण्याचा आग्रह मी बाजूला ठेवतो आणि निदान हिशेबाची प्रत त्यांच्याच पेन ड्राइव्हवर, त्यांच्यासमोर, विनामूल्य काढून देण्याची तयारी दाखवतो. बहुतेक जण याला होकार देतात. काही जण मात्र आपले हिशेब परक्याच्या नजरेस पडतील या भीतीने तेही नाकारतात, आणि ही भीती मला अवाजवी वाटत नाही.

नकारामागे कंजूषपणाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांना पूर्वी कुठेतरी गरज नसताना मदरबोर्ड बदलायला लावलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडून ‘बदलावे लागेल’ हे शब्द निघाले की त्यांचे कान बंद होतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. घरातला मुलगा जहाजावर किंवा परदेशात नोकरीला असतो, लॅपटॉप त्यानेच पाठवलेला असतो आणि निर्णयही त्याच्याच हाती असतो. आईवडील माझे सगळे म्हणणे ऐकून घेतात, घरी जाऊन त्याला फोनवर अर्धेमुर्धे सांगतात, आणि तो तिकडून ‘काही नको, मी येईन तेव्हा बघतो’ असे उत्तर देतो. त्याने यंत्र पाहिलेले नसते आणि माझ्या तोंडून काही ऐकलेलेही नसते. म्हणून अलीकडे मी ग्राहकाच्या परवानगीने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावून बिघाड थेट त्या मुलाला दाखवतो. याचा उपयोग होतो, पण जहाज समुद्रात असले की संपर्कच होत नाही.

आता मुख्य प्रश्न. फुगलेली बॅटरी असलेला एक लॅपटॉप सध्या माझ्याकडे आहे. टचपॅड वर उचलला गेला आहे, खालचे झाकण नीट बसत नाही, आणि मालकांची तक्रार मात्र एवढीच आहे की टचपॅड दाबला जात नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या आत रासायनिक विघटन होऊन वायू साठतो, तेव्हा ती फुगते. असा सेल दाबला गेला, त्याला छिद्र पडले किंवा तो आतल्या आत शॉर्ट झाला, तर पेट घेऊ शकतो. फुगलेली बॅटरी पूर्ववत होत नाही, तिला दुरुस्तीही नसते, ती काढूनच टाकावी लागते. मी ती काढून ठेवली आहे आणि हा लॅपटॉप तूर्त केवळ चार्जरवर चालतो हेही तपासून पाहिले आहे. नवी बॅटरी घेणे परवडत नसेल तर काही दिवस असाच वापरा, बॅटरी काढण्याचे पैसे मी घेणार नाही, असे मी त्यांना सांगितले.

त्यांना तेही मान्य नाही. पावसाळ्यात वीज सारखी जाते, बॅटरी नसेल तर प्रत्येक वेळी काम अर्धवट राहील, जुनी बॅटरी अजून तासभर चालते, तेव्हा तीच परत बसवून द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची अडचण खरी आहे. पण हा लॅपटॉप त्यांची नात अभ्यासासाठी गादीवर घेऊन बसते, हे त्यांनीच बोलण्याच्या ओघात मला सांगितले आहे. ती बॅटरी माझ्या हाताने पुन्हा आत बसवून झाकणाचे स्क्रू आवळायला माझे मन तयार नाही. शेजारच्या एका व्यावसायिकाचे मत असे की वस्तू ग्राहकाची, धोकाही ग्राहकाचा, आपण सही घ्यावी आणि मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, कारण सही आजोबा करतील आणि लॅपटॉप नातीच्या मांडीवर असेल.

कायद्याविषयी मी जेवढे वाचले आहे ते असे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही समावेश आहे, म्हणजे धोका स्पष्ट सांगणे हे माझ्यावर बंधनकारकच ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. पण हा अधिकार मजुरीपुरता आहे, सुरक्षिततेच्या काळजीपोटी दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याची मुभा त्यातून मिळते असे मला दिसत नाही. म्हणून लॅपटॉप अडवण्याचा माझा विचार नाही. बॅटरी न बसवता लॅपटॉप परत करावा आणि बॅटरी त्यांनी मागितलीच तर वेगळी, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, लेखी सूचनेसह त्यांच्या हाती द्यावी, असे माझ्या मनात आहे. ती माझ्याकडेच ठेवायला ते तयार झाले तर बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ नुसार ती अधिकृत संकलकाकडे पोहोचवण्याची जबाबदारी मी घेईन.

त्यासाठी एक मसुदा लिहिला आहे : ‘माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असून ती वापरल्यास आग लागण्याचा धोका आहे, हे आज मला बॅटरी प्रत्यक्ष दाखवून समजावण्यात आले. बॅटरी बदलण्याचा आणि बॅटरीविना लॅपटॉप वापरण्याचा, असे दोन्ही पर्याय मला खर्चासह सांगण्यात आले. मी बॅटरी बदलण्यास नकार दिला आहे. दुकानाने जुनी बॅटरी बसवून दिलेली नाही. ती पुन्हा बसवू नये, दाबू नये, चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये, ही सूचना मला मिळाली आहे.’ खाली तारीख, लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि दोघांच्या सह्या राहतील. एक प्रत त्यांना, एक मला.

जाणकारांनी कृपया सांगावे : ग्राहकाने स्पष्ट मागणी करूनही जुनी बॅटरी बसवण्यास नकार देणे कायद्याच्या दृष्टीने योग्य आहे का? फुगलेली बॅटरी मालकाच्या हाती देणे तुम्ही टाळता का, आणि टाळत असाल तर त्यांची संमती कशी मिळवता? दुरुस्ती नाकारली तरी तपासणीचे शुल्क घ्यावे का? मी ते आजवर घेत आलेलो नाही, परंतु शुल्क आधीच सांगितले तर ‘हा दुरुस्तीच्या लोभाने सांगतो’ हा संशय कमी होईल असे अलीकडे वाटू लागले आहे. मसुद्यात काही उणीव असेल तर तीही दाखवून द्यावी. मालक शनिवारी लॅपटॉप न्यायला येणार आहेत, त्यामुळे बॅटरीविषयीचे उत्तर त्याआधी मिळाले तर फार मदत होईल.