क्लचची वायर तुटली तेव्हा : अनुभव धागा

नमस्कार मंडळी,

मोटारसायकलची क्लच केबल, जिला आपण सगळे क्लचची वायर म्हणतो, ही गाडीतल्या अगदी स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. पण ती तुटली की टाकीभर पेट्रोल आणि ठणठणीत इंजिन असूनही गाडी रस्त्याच्या कडेला लागते. पंक्चर काढायला गावोगावी कोणी ना कोणी भेटतो. आपल्याच मॉडेलची क्लच वायर मात्र घाटातल्या चहाच्या टपरीवर मिळत नाही.

वायर तुटल्यावर नेमके काय होते, तेवढे आधी सांगतो. डाव्या मुठीजवळची लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून सुटतात आणि इंजिनाचा चाकाशी असलेला जोड तेवढ्यापुरता तुटतो. एरवी स्प्रिंगांच्या दाबामुळे त्या घट्ट चिकटलेल्याच असतात. म्हणजे वायर तुटल्यावर क्लच ‘गेलेला’ नसतो, उलट तो कायमचा लागलेला असतो, आणि म्हणूनच गाडी चालू शकते. अडचण येते ती फक्त निघताना, थांबताना आणि गिअर बदलताना. आपली वायर कुठे तुटली, तिने आधी काही इशारा दिला होता का आणि तुम्ही मुक्कामी कसे पोहोचलात, हे सविस्तर लिहावे. कोणत्या कंपनीची गाडी चांगली, हा वाद कृपया इथे नको.

सातारा, स्प्लेंडर

पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत असताना एका मालट्रकच्या मागे वेग कमी करून दुसऱ्या गिअरमध्ये यायला लिव्हर दाबली आणि ती हँडलपर्यंत सैल आली. घाटाचा तो रस्ता एकेरी असल्याने मागे फिरणे शक्य नव्हते आणि चढावर पाय मारून गाडीला वेग देणेही शक्य नव्हते. मी गाडी बंद करून, रस्त्याच्या कडेने ढकलत पुढच्या वळणापर्यंत नेली, कारण तिथे रस्ता थोडा सपाट होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू केले, दोन्ही पायांनी जमीन रेटत गाडीला माणूस पळेल इतका वेग दिला आणि मग पहिला गिअर टाकला. गाडीने एक गचका दिला, पण बंद पडली नाही.

पुढचे गिअर चढवणे त्या मानाने सोपे असते. पायाने गिअरच्या पट्टीवर आधीच हलका दाब देऊन ठेवायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडायचा. इंजिनाचा ताण सुटला की गिअर आपोआप पडतो. खाली येताना याच्या उलट, म्हणजे किंचित रेस देऊन दाबायचा. आणखी एक गोष्ट स्प्लेंडरवाल्यांच्या फायद्याची आहे. आपल्या गाडीचे चारही गिअर पुढच्या बाजूला दाबून पडतात आणि न्यूट्रल एका टोकाला असते, त्यामुळे टाचेने एकेक गिअर उतरवत गेले की शेवटी न्यूट्रलच सापडते. ज्या गाड्यांमध्ये न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असते, त्यांना हे सुख नाही.

सुरूर फाट्याच्या अलीकडे एका गॅरेजमध्ये वायर मिळाली.

पुणे, १५० सीसी

माझी वायर सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभी असताना तुटली आणि तो अनुभव वरच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे. सिग्नल सुटायला काही सेकंद उरले होते, म्हणून मी पहिला गिअर टाकून आणि क्लच दाबून तयार उभी होते. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, हातातली लिव्हर एकदम हलकी झाली आणि गाडीने पुढे उडी घेतली. पुढचा ब्रेक दाबलेला असल्यामुळे इंजिन बंद पडले आणि समोरच्या रिक्षाच्या मागच्या बंपरला चाक लागते न लागते तोच गाडी थांबली. मागे माझी मुलगी बसलेली होती.

क्लचशिवाय चालवण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या सर्व भावांना आणि काकांना एवढेच सांगायचे आहे की या युक्त्या मोकळ्या रस्त्याच्या आहेत. दर दोनशे मीटरवर थांबावे लागते अशा गर्दीत, मागे मूल बसलेले असताना, मी ते धाडस करणार नाही. मी मुलीला रिक्षाने घरी पाठवले आणि गाडी फुटपाथच्या कडेने चालत गॅरेजपर्यंत नेली. तेव्हापासून सिग्नलला मी न्यूट्रलमध्येच उभी राहते. मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

(धागाकर्ता : ताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लिव्हर दाबलेली असताना वायरवर सगळ्यात जास्त ताण असतो, त्यामुळे ती नेमकी तेव्हाच तुटते. पहिल्या गिअरमध्ये उभे असताना तुटली तर गाडी पुढे झेपावणारच.)

कोल्हापूर, गॅरेज

मी स्वतः मिस्त्री आहे, त्यामुळे माझा अनुभव इतरांच्या तुटलेल्या वायरींचा आहे. ‘अचानक तुटली’ असे प्रत्येक गिऱ्हाईक सांगते. मी ते सहसा मान्य करत नाही.

वायरीच्या आत पोलादी धाग्यांचा पीळ असतो आणि लिव्हरच्या टोकाला शिशासारखी दिसणारी गोल गोळी, म्हणजे निपल असते. ही निपल लिव्हरच्या भोकात बसते आणि लिव्हर दाबताना तिने त्या भोकात फिरणे अपेक्षित असते. तिथे धूळ बसली, गंज चढला किंवा वंगण सुकले की निपल फिरत नाही, आणि मग फिरण्याऐवजी वायरच निपलच्या तोंडाशी दर वेळी वाकते. एकाच जागी हजारो वेळा वाकल्यावर एकेक धागा तुटू लागतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वायरी याच जागी तुटलेल्या असतात, मध्ये क्वचितच.

धागे तुटू लागल्यावर वायर सांगत असते, फक्त ऐकणारा हवा. उरलेले धागे ताणले जातात, त्यामुळे लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे वायर ओढली जाण्याआधीची सैल हालचाल, वाढते आणि माणूस अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायरीच्या टोकाशी असलेला ताण कमीजास्त करण्याचा स्क्रू, फिरवून ती कमी करतो. चार दिवसांनी ती पुन्हा वाढते. न्यूट्रल सापडेनासे होते, पहिला गिअर टाकताना खट्कन आवाज येतो, लिव्हर जड किंवा खरखरीत लागते. अ‍ॅडजस्टर पुन्हापुन्हा फिरवावा लागत असेल, तर रबरी टोपी मागे सारून आणि लिव्हर दाबून निपलजवळ बघावे. एखादा धागा कुसळासारखा बाहेर आलेला दिसला की त्याच दिवशी वायर बदलावी. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल सांगितलेली असते. ती अजिबात ठेवली नाही तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात. म्हणजे किरकोळ खर्चाचे काम मोठ्या खर्चावर जाते.

आणखी दोन कारणे वारंवार दिसतात. उंच हँडल बसवून घेणारे तरुण जुनीच वायर ताणून वापरतात, त्यामुळे हँडल वळवले की वायर ओढली जाते. आणि नवी वायर टाकताना ती मूळ वाटेने न नेता कुठूनही वळवली, तर तीव्र वळणावर आतली तार बाहेरच्या नळीला घासत राहते. लिव्हरचे भोक झिजून अंडाकृती झाले असेल, तर वायरीबरोबर लिव्हरही बदलावी, नाहीतर नवी वायरही लवकरच त्याच जागी तुटते. हे सांगितले की मिस्त्री बिल वाढवतो आहे असे लोकांना वाटते. त्याला माझा इलाज नाही.

नाशिक, बजाज चेतक

धागा मोटारसायकलचा आहे, तरी जुन्या स्कूटरची आठवण लिहिण्याची परवानगी घेतो. चेतकचा गिअर हातात असल्यामुळे क्लचची लिव्हर गिअरबरोबरच फिरत असे आणि तिची तार तुटणे हा स्कूटरवाल्याच्या संसाराचाच भाग होता. डिकीत एक प्लग, एक क्लचची तार आणि एक पाना नसलेला चेतकवाला माझ्या पिढीत विरळाच. मात्र त्या रचनेत एक मोठी सोय होती. बाहेरची नळी न काढता फक्त आतली तार बदलता येत असे, कारण इंजिनाकडच्या टोकाला तार स्क्रूने आवळलेली असायची. तुटलेले तुकडे वरून आणि खालून ओढून काढायचे, नवी तार ग्रीस लावून वरून सरकवायची, खाली आवळायची आणि उरलेले टोक कापायचे. आजच्या मोटारसायकलींच्या तारेला दोन्ही टोकांना ठरावीक लांबीवर निपल बसवलेली येते, त्यामुळे अख्खी केबलच बदलावी लागते.

धारणी, शिक्षक

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घटांग ओलांडून सेमाडोहच्या दिशेने उतरत होतो, तेव्हा वायर तुटली. मेळघाटातला तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको की तिथे दोन्ही बाजूंना जंगल असते आणि मोबाइलची रेंज मधल्या मोठ्या पट्ट्यात नसते. थांबून मदतीची वाट पाहावी की तसेच पुढे जावे, हा विचार करायला फार वेळ नव्हता, कारण दिवस मावळतीला लागला होता. उतार अनुकूल होता, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली आणि वेग आल्यावर सरळ दुसरा गिअर टाकला. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात गचका कमी बसतो, उतारावर तर जाणवतही नाही.

मग तिसऱ्यात स्थिर वेगाने चालवत राहिलो. खरी परीक्षा हरिसालच्या अलीकडे झाली. घरी परतणारी गुरे रस्ताभर पसरली होती आणि त्यांना घाई नव्हती. ब्रेक लावताच इंजिन गचके देऊन बंद पडले आणि गाडी गिअरमध्येच अडकली. बंद गाडीत गिअर सहज पडत नाही. ती थोडी मागेपुढे हलवत पायाने हलका दाब द्यावा लागतो, मग दातरे जुळून न्यूट्रल सापडते. गुराख्याच्या मुलाने मागून धक्का दिला आणि गाडी पुन्हा चालू पडली. धारणीत माझ्या गाडीची वायर नव्हती, ती परतवाड्याहून बसने मागवावी लागली. कंडक्टरने ती अगदी जपून आणून दिली.

सांगली, दूध संकलन

आमच्या गाड्यांना दोन्ही बाजूंना भरलेली कॅन असतात. एवढे वजन घेऊन पायाने रेटत गाडी सुरू करण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये, तोल गेला तर दूधही जाते आणि पायही मोडतो. आधी कॅन उतरवावीत, दुसऱ्या गाडीवर चढवावीत, मग रिकाम्या गाडीचे बघावे.

पणजी, पायलटमागचा प्रवासी

गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने सवारी नेणाऱ्यांना पायलट म्हणतात. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत चढताना आमच्या पायलटची वायर तुटली. बोटीच्या उतरत्या फळीवर क्लच अर्धा दाबून हळूहळू जावे लागते, त्यामुळे तिथे तुटली यात नवल नाही. मी उतरलो, दोघांनी मिळून गाडी बोटीत ढकलली आणि नदी ओलांडेपर्यंत त्यांनी दुरुस्तीही केली. दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर त्यांनी पूर्ण आत फिरवले, त्यामुळे नळीतून तारेचे दोनेक बोटे टोक बाहेर आले. घर वायरिंगमध्ये वापरतात तो पितळी कनेक्टर त्यांच्या खिशात होता. त्याचे प्लास्टिक सोलून तो तारेच्या टोकावर चढवला आणि दोन्ही स्क्रू घट्ट आवळले. झाली निपल तयार. ती एक-दोनदा सरकली आणि पुन्हा आवळावी लागली, पण चोडणच्या गॅरेजपर्यंत पुरली. खारी हवा वायरीला लवकर खाते, म्हणून कनेक्टर कायम जवळ ठेवतो, असे ते म्हणाले.

ठाणे, मनाली ते लेह

लांबच्या प्रवासाला निघताना आम्ही नवी वायर डिकीत न ठेवता जुन्या वायरीच्या अंगानेच, त्याच वाटेने ओवून ठेवली होती. तिची दोन्ही टोके प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद केली होती. सुमारे ४,६०० मीटर उंचीवरच्या पांगच्या अलीकडे एका साथीदाराची वायर तुटली, तेव्हा फक्त जुनीची टोके काढून नवीची अडकवायची होती. टाकी खोलावी लागली नाही. त्या थंडीत हातमोजे काढून बारीक काम करणे किती अवघड असते, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. मात्र अशी वायर ओवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावे. अ‍ॅक्सिलरेटरची वायर तिच्यात अडकत असेल तर तो उपाय अपायच ठरेल.

कोल्हापूर, गॅरेज (पुन्हा)

ठाण्याच्या साहेबांची पद्धत उत्तम आहे. पितळी कनेक्टरबद्दल एवढेच म्हणेन की अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरीला तो चांगला चालतो, क्लचच्या वायरीवर ताण बराच जास्त असल्याने तो सरकतोच. त्यामुळे पायलटने केले तसे गॅरेजपर्यंतच त्याच्यावर विसंबावे.

स्वतः वायर बदलणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवतो. जुनी वायर काढण्याआधी तिच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढावा. दोन्ही अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करावेत. आधी इंजिनाकडचे टोक अडकवावे, मग लिव्हरचे. लिव्हरवरची आणि अ‍ॅडजस्टरवरची खाच एका रेषेत आणली की निपल आत सरकते. निपलला ग्रीस लावावे. नळीच्या आत प्लास्टिकचे अस्तर असेल तर तिथे ग्रीस भरू नये, त्यात धूळ चिकटते. मोठी तूट खालच्या अ‍ॅडजस्टरने भरून काढावी, वरचा बारीक फरकासाठी ठेवावा आणि त्याची खाच शेवटी तोंडाशी जुळलेली ठेवू नये, नाहीतर पाणी आत जाते. दोन-चार दिवस चालवल्यावर नवी वायर थोडी बसते, तेव्हा मोकळी चाल पुन्हा एकदा तपासून घ्यावी.