कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ कसा वाचावा? (मिरज)

कृष्णाकाठ: आम्ही मिरजेचे, प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट) मंडळीतले. धाकट्या बहिणीचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलाशी ठरतंय. आईला एकच घोर, पोरीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? मुलाने धर्मशिक्षणाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ दिलाय, पानोपानी आकडे आणि तळटिपा. वाद घालायचा नाही, नीट समजून घ्यायचंय. सुरुवात कुठून करू?

वसई_किनारा: अभिनंदन! आईंना आधी सांगा, पुन्हा बाप्तिस्मा नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आम्ही मानतो, आणि तो एकदाच होतो. परिच्छेद 1271 आणि 1272 वाचून दाखवा. ते आकडे परिच्छेदांचे, एकूण 2865. आवृत्ती कुठलीही असो, आकडा तोच.

मिश्रविवाह, म्हणजे कॅथलिकाचं दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न, 1633 ते 1637. बहिणीला पंथ बदलावा लागत नाही. मुलाला मात्र धर्मप्रांताची (बिशपांच्या अधिकारक्षेत्राची) परवानगी लागते, आणि मुलंबाळं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन असं वचन द्यावं लागतं. बहिणीला त्या वचनाची कल्पना दिली जाते. हे साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी बसून बोला, अगदी कळकळीने सांगतोय.

साताऱ्याची_बाई: 1992चा तो मोठा ग्रंथ सलग वाचू नका. 2005चा संक्षेप घ्या, 598 प्रश्नोत्तरं आहेत. दोन्हींचे भाग तेच चार: विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), संस्कार, दहा आज्ञा, प्रार्थना. शेवटच्या भागाचा दुसरा विभाग प्रभूच्या प्रार्थनेवर आहे. तुम्हाला तो सगळ्यात जवळचा वाटेल, तिथूनच सुरू करा.

वाचताना सिद्धांत कुठला आणि शिस्त कुठली हे पाहत जा. मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, स्वर्गोन्नयन (देहासह स्वर्गात घेतलं जाणं) हा सिद्धांत, 1950 साली जाहीर झालेला. धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य ही शिस्त. पौर्वात्य कॅथलिक परंपरांमध्ये विवाहित धर्मगुरूही असतात. निष्कलंक गर्भसंभवाबद्दल तर बरेच कॅथलिकही गोंधळतात. तो येशूच्या जन्माविषयी नाही. मरिया स्वतः गर्भात आली तेव्हापासूनच मूळपापापासून (आदामापासून सगळ्या माणसांना आलेल्या पापापासून) मुक्त होती, एवढाच त्याचा अर्थ (490 ते 493). तिला मान देतात, आराधना फक्त देवाची (971).

कृष्णाकाठ: आईने 1271 दोनदा वाचून घेतलं! आणखी एक. लग्नात मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) झाली तर बहिणीला ख्रिस्तप्रसाद (त्यात दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येईल?

वसई_किनारा: सहसा नाही, 1400 आणि 1401 पाहा. म्हणूनच अशी लग्नं पुष्कळदा मिस्सेशिवाय, बायबलवाचन आणि विवाहविधीने लागतात. पत्रिका छापण्याआधी धर्मगुरूंशी बोलून घ्या.