कव्हरवरची गाय आणि तिचा अर्थ

तळटीप

काल 'निळी शाई' यांनी अल्बम कव्हरांवरच्या प्रतीकांबद्दल जी पोस्ट टाकली, तिला खाली उत्तर लिहायला बसलो आणि उत्तर पोस्टीपेक्षा लांबलं. म्हणून वेगळा धागा. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बीटल्सच्या 'ॲबी रोड'वर पॉल मॅकार्टनीचे पाय अनवाणी, म्हणजे मृत्यूची खूण. पिंक फ्लॉइडच्या लोलकातून फुटणारा प्रकाश म्हणजे आत्म्याची शकलं. आणि कळस म्हणजे शेवटचं वाक्य, "चांगल्या कव्हरवर काहीही उगाच नसतं."

असतं हो. बरंचसं उगाचच असतं.

८ ऑगस्ट १९६९. फोटोग्राफर इयन मॅकमिलन भर रस्त्यात शिडीवर चढलाय, एका पोलिसाने गाड्या थोपवून धरल्यात आणि हाताशी जेमतेम दहा मिनिटं आहेत. सहा फोटो निघाले. पाचवा घेतला, कारण चौघांची पावलं त्यात नीट पडली होती. सुरुवातीच्या फोटोंत पॉलच्या पायात चपला आहेत. ऑगस्टातला उकाडा, काढल्या त्याने. त्या काढलेल्या चपलांवरून लोकांनी माणूस मारला! मागच्या फोक्सवॅगनची नंबरप्लेट २८१एफ. त्यातल्या एकाला 'आय' वाचायचं, म्हणजे झालं 'इफ', म्हणजे जगला असता तर अठ्ठावीसचा असता. तो तेव्हा सत्तावीसचा होता. बेरीजसुद्धा येत नाही, पण प्रतीक जुळतंय ना, मग झालं.

पिंक फ्लॉइडचा 'ॲटम हार्ट मदर', १९७०. कव्हर करणारा स्टॉर्म थॉर्गरसन गाडी काढून शहराबाहेर गेला आणि पहिली गाय दिसली तिचा फोटो घेऊन आला. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. नुसती गाय. तिच्या मान वळवण्यात ज्यांना यंत्रयुगाचा धिक्कार दिसतो त्यांना माझा दंडवत.

मला हे इतकं का झोंबतं तेही सांगतो. कॉलेजात असताना मित्रांच्या बँडच्या कॅसेटचं कव्हर मी केलं होतं. चौघांसाठी चार खुर्च्या मांडल्या. ड्रमवाला वेळेवर आलाच नाही. तिघं बसले, चौथी खुर्ची रिकामी, तोच फोटो छापला. कॉलेजच्या अंकात एकाने त्यावर दीड पान लिहिलं, 'अनुपस्थितीचं सौंदर्यशास्त्र'. अरे बाबा, तो झोपला होता!

निळी शाई

पोस्ट माझी, तेव्हा उत्तर देणं आलं. पहिलं म्हणजे पॉल मेला असं मी लिहिलेलं नाही. तशी अफवा त्या वर्षी पसरली आणि लोकांनी कव्हर कसं वाचलं, असं लिहिलंय. तुम्ही निम्मी पोस्ट वाचून पूर्ण धागा काढलात, चिकाटीला सलाम.

दुसरं, लोलक. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', १९७३. बँडमधल्या रिक राइटने काहीतरी साधं, नेटकं करा असं हिप्नोसिसवाल्यांना, म्हणजे थॉर्गरसनच्या कव्हर करणाऱ्या कंपनीला, सांगितलं. जॉर्ज हार्डीने चित्र काढलं, बँडने काही मिनिटांत एकमताने निवडलं. इथवर तुमचंच घोडं पुढे. पण आता कव्हर उघडा. बाहेरचा रंगपट्टा आत येतो आणि त्यातली एक रेघ हृदयाच्या ठोक्यांसारखी वरखाली होते. अल्बम कशाने सुरू होतो? ठोक्यांनी. संपतो कशाने? मागच्या बाजूला उलटा लोलक आहे, रंग पुन्हा एकवटतात, म्हणजे कव्हरं एकापुढे एक मांडत गेलात तर रेघ तुटतच नाही. त्रिकोण म्हणजे महत्त्वाकांक्षा, हे थॉर्गरसनचं स्वतःचं म्हणणं आहे, माझं नाही. हे सगळं उगाच? चपला काढल्यासारखं?

तुम्ही गायीचं उदाहरण देता आणि लोलकाबद्दल चकार शब्द काढत नाही. माणूस तोच आहे.

घासलेली सुई

त्या लोलकातून सहाच रंग बाहेर पडतात. तानापिहिनिपाजा मधला 'पा' गायब. आता काढा अर्थ!

निळी शाई

काढते की. पारवा रंग म्हणजे तुमचा प्रतिसाद, असून नसल्यासारखा.

भिंगवाली

दोघांनीही कव्हर हे चित्र म्हणून धरलंय. ते बारा इंची, हातात धरायचं खोकं असतं हो.

बाबांकडे रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'ची जुनी प्रत आहे, १९७१ची, खऱ्या चेनची. जीन्सचा फोटो आणि त्यावर शिवलेली धातूची चेन. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची, ती प्रत्यक्षात उतरवली क्रेग ब्रॉनने. आता यावर लैंगिकतेचं प्रतीक वगैरे वाट्टेल तेवढं लिहिता येतं, आणि ते बरोबरही आहे. पण गंमत पुढे आहे. गठ्ठे रचून पाठवल्यावर चेन वरच्या रेकॉर्डीत रुतायला लागली. गाण्यावरच खड्डा! उपाय काय काढला, तर पाठवण्याआधी चेन अर्ध्यावर ओढून ठेवायची. मग दाब पडतो तो मधल्या लेबलवर, गाण्याला धक्का नाही.

म्हणजे दुकानात आलेली जीन्स अर्धी उघडी होती. कुणी म्हणेल काय सूचक! सूचक कसलं, वाहतुकीची सोय होती ती. पण म्हणून ते बघणाऱ्याला सूचक वाटायचं थांबलं का? लहानपणी मला ती चेन ओढायची सक्त मनाई होती, आणि मी ती किती वेळा ओढली असेल याची गणतीच नाही. आमच्या प्रतीची चेन आता अर्ध्यावरच अडकते.

तळटीप

भिंगवाली, तुम्ही माझीच बाजू मांडलीत आणि शेवटी पलटी मारलीत.

भिंगवाली

बाजू तुमची एकट्याची नाही.

कुंपणावरचा

तळटीपरावांना एक काडी आयती देतो. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची पन्नास-साठच्या दशकातली कव्हरं आठवा. कातरलेले फोटो, तिरकी अक्षरं. जॅझ डोळ्यांनी ऐकायचं असेल तर हीच बघावीत असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. ती करणारा रीड माइल्स. त्याला जॅझचं फारसं वेडच नव्हतं, तो अभिजात संगीतवाला. कंपनीचा आल्फ्रेड लायन त्याला संगीत कसं आहे ते सांगायचा, त्यावरून हा अक्षरं मांडायचा.

निळी शाई

मग? स्वयंपाक्याला भूक असायलाच हवी असं कुठे आहे?

पाटी कोरी

मी चित्रकार आहे, यावरच पोट आहे, म्हणून मध्ये पडते. अर्थ काय, अर्थ काय, तास झाला ऐकतेय. काढलं कुणी ते कुणी विचारणार आहे का?

जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स', १९७९. काळ्यावर पांढऱ्या लाटांच्या ओळी. जगभर टीशर्टांवर दिसतात. कौतुक कुणाचं, तर कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलचं. त्याने केलं काय? विश्वकोशातली आकृती बँडने आणून दिली, ती पांढऱ्यावर काळी होती, याने काळ्यावर पांढरी केली. मूळ आकृती हॅरल्ड क्राफ्टच्या १९७०च्या पीएचडी प्रबंधातली. एका पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याचे, ऐंशी स्पंद एकाखाली एक. कव्हरवर क्राफ्टचं नाव? शोधा. त्या माणसाला आपली आकृती अल्बमवर गेलीय हे कळलं तेच पुढे कधीतरी, आणि मग तो दुकानात जाऊन स्वतः एक प्रत विकत घेऊन आला. विकत!

घासलेली सुई

त्याच्याही आधी जा. तो पल्सार, सीपी १९१९, पहिल्यांदा पकडला जोसेलिन बेलने, १९६७ साली. विद्यार्थिनी होती. मैलमैल कागदावरच्या नोंदी डोळ्यांनी तपासत होती, त्यात तिला खोट दिसली. १९७४चं नोबेल कुणाला? तिच्या मार्गदर्शकाला, ह्युइशला. (आणि रायलला.)

तळटीप

कव्हरांचा धागा आहे, नोबेलचा नाही.

पाटी कोरी

नाही कसा? बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चं कव्हर कुणी केलं? सांगा पटकन.

कुंपणावरचा

पीटर ब्लेक.

पाटी कोरी

बघा! पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ. ग्रॅमी दोघांच्या नावावर आहे. तेव्हा नवराबायको होते, म्हणून तिचं नाव लोकांच्या तोंडातून आपोआप गळतं. आणि ब्लेकला मिळाले दोनशे पौंड, ते तो आयुष्यभर ऐकवत राहिला. दोनशे पौंडांत प्रतीकं किती बसतात ते काढा एकदा.

तिरकस

पैसे देणाऱ्याने पैसे दिले, काम करणाऱ्याने घेतले. करार झाला, विषय संपला. नंतर अल्बम खपला म्हणून रडायचं? नसता खपला तर दोनशे पौंड परत केले असते का?

पाटी कोरी

हे असलं मी दर महिन्याला ऐकते. "एक्स्पोजर मिळेल." एका बँडने माझ्याकडून तीन कच्ची रेखाटनं फुकट घेतली, "आवडली नाहीत" म्हणून कळवलं, आणि चार महिन्यांनी त्यातलंच एक दुसऱ्याच्या हाताने रंगवून कव्हरवर आलं. फक्त पक्ष्याचं तोंड उजवीकडे केलं होतं. त्या पक्ष्यावर एक जण मुलाखतीत बोलत होता, स्थलांतर आणि मुळं वगैरे. माझा पक्षी! मी त्याचं तोंड डावीकडे ठेवलं होतं, कारण उजवीकडे शीर्षकाला जागा हवी होती.

आणि तुम्ही मला करार शिकवा.

तिरकस

लेखी करार केला होता का?

पाटी कोरी

तुमच्यासारख्यांशी बोलण्याचा करार नाही केलेला, तेवढं नक्की.

भिंगवाली

अहो, दोघंही जरा शांत. तिरकस, ज्याचं दुखतं त्यालाच कळतं. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'वरचं पोहणारं बाळ घ्या, १९९१. बाळाच्या आईवडिलांना दोनशे डॉलर मिळाले म्हणतात. गळाला लावलेली नोट नंतर चिकटवलेली. भांडवलशाही, निरागसता, सगळे अर्थ काढून झाले, आणि २०२१मध्ये तेच बाळ मोठं होऊन कोर्टात गेलं. तुम्ही प्रतीक म्हणता त्याला कधीकधी स्वतःचं म्हणणं असतं.

तिरकस

आणि तोच माणूस मोठेपणी पुन्हा पोहत तीच पोज देऊन फोटो काढून घेत होता, तेही सांगा की. पण असो, लहान बाळ सही करू शकत नाही, इतकं मान्य. इतकंच.

तळटीप

धागा माझा, मला आता यात जागा आहे का? मुद्दा होता: अर्थ आधी की नंतर. मी म्हणतो नंतर चिकटवतात. त्या बाळापुढच्या नोटेसारखा.

निळी शाई

ती नोट चिकटवली ती कव्हर छापण्याआधी, छापल्यावर नाही. उपमा निवडताना तरी जपून.

तुमच्याच बाजूचं एक उदाहरण मी देते, बघा पचतं का. न्यू ऑर्डरचा 'पॉवर, करप्शन अँड लाइज', १९८३. पुन्हा सॅव्हिल. सत्ता, भ्रष्टाचार, म्हणून याला एखादा मॅकियाव्हेलीछाप राजपुत्र हवा होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत शोधला, मिळाला नाही. येताना फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराच्या गुलाबांचं पोस्टकार्ड घेतलं. मैत्रिणीने थट्टेत विचारलं, हेच लावणार का कव्हरला? तेच लावलं. झाला तुमचा अपघात. पण त्यानंतर त्याला त्यात अर्थ दिसला, की सत्ता आणि खोटेपणा असेच गोजिरे होऊन घरात शिरतात. आणि कोपऱ्यात रंगांचे चौकोन टाकले, ती चक्क लिपी आहे. मागच्या बाजूच्या रंगचक्रावरून अक्षरं लावत वाचायची. मी शाळेच्या वहीत ते अख्खं चक्र उतरवून घेतलं होतं आणि मैत्रिणीला त्यात चिठ्ठ्या लिहायचे. तिला निळा-हिरवा ओळखू यायचा नाही, त्यामुळे निम्म्या चिठ्ठ्या वाया.

पोस्टकार्ड योगायोगाने हातात येतं. ते लावायचं की टाकून द्यायचं, हा योगायोग नसतो.

कुंपणावरचा

द क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'चंही तेच. पेनी स्मिथचा फोटो, गिटार आपटतानाचा. ती म्हणत होती फोकस गेलाय, वापरू नका. बाकीच्यांनी ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं. त्या धूसरपणामुळेच ते आपटणं दिसतं.

निळी शाई

म्हणून तळटीप, आता तुमच्या खुर्चीकडे येऊ. रोल किती फोटोंचा होता?

तळटीप

छत्तीस.

निळी शाई

ड्रमवाला अजिबातच आला नाही?

तळटीप

आला. पाऊण तासाने.

निळी शाई

मग चौघांचे फोटो निघाले असतील.

तळटीप

अकरा निघाले. काय सांगू, वकिलीण बाई, अकरा. सगळे नीट होते. चौघंही हसतायत, वाढदिवसाला आल्यासारखे. रिकाम्या खुर्चीचा जरा बरा दिसत होता.

निळी शाई

"जरा बरा दिसत होता."

तळटीप

ठीक आहे. त्या अंकवाल्याचं दीड पान, त्यातली चारेक वाक्यं चालतील. चपला मात्र चपलाच. आणि गाय गायच.

घासलेली सुई

गायीचं नाव लुलुबेल तिसरी. तिचं तरी नाव लोकांना माहीत आहे. क्राफ्टपेक्षा नशीबवान.

पाटी कोरी

तळटीप, एक विचारायचं राहिलं. तो खुर्चीचा फोटो तुम्ही काढलात?

तळटीप

नाही. बहिणीने. कॅमेरा तिचा होता, मी फक्त निवडला.

पाटी कोरी

कॅसेटवर तिचं नाव आहे?

तळटीप

कॅसेटच्या कागदाला जागा किती असते, तुम्हाला ठाऊक आहे.

पाटी कोरी

तुमचं आहे?

तळटीप

आहे.