जुळ्यांचा नर आणूनही मेंढ्या एकेकच कोकरू का देतात?

प्रश्न (मेंढपाळ, सांगोला)
नमस्कार. आमचा दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे. जुळी मिळावीत म्हणून जनुक-तपासणी झालेला ‘नारी सुवर्णा’ नर कळपात सोडला, तरी पहिल्या वेतात बहुतेक मेंढ्यांना एकेकच कोकरू झाले आणि ज्या मोजक्यांना जुळी झाली, त्यांची कोकरे अशक्त निघाली. मेंढ्या दिवसभर रानात चरतात, रात्री वाड्यावर ज्वारीचा कडबा असतो. खुराक आम्ही देत नाही. दोष नरात आहे की चाऱ्यात?

उत्तर १
नराला दोष देऊ नये. एका माजात किती बीजे सुटणार, हे मेंढीच्या स्वतःच्या बीजांडकोशावर ठरते. तिला कोणता नर लागला, यावर नव्हे. फेक-बी, म्हणजे एका माजात जास्त बीजे सोडायला लावणारा जुळ्यांचा जनुक, मूळचा सुंदरबनातील लहान चणीच्या गरोळ मेंढीतला असून, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. आपल्या नरात त्याच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते, एकच असेल तर सरासरीने निम्म्यांना. त्याचा परिणाम दिसेल तो या नराच्या मुली विऊ लागतील तेव्हा. त्यामुळे यंदाच्या माद्या बाजारात नेऊ नयेत, एवढेच मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २
वरील उत्तर बरोबर आहे, परंतु अशक्त कोकरांचा प्रश्न त्यात राहून गेला. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो आणि गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या त्याच काळात गर्भाशय पोटातील जागा व्यापते, आणि कडबा तर जागा खाणारा व प्रथिनांत हलका. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पोटात कमी जाते. जुळी असलेली मेंढी मग अंगची चरबी वितळवते, आणि ते हाताबाहेर गेले तर खाणे सोडून सुस्त पडते, प्रसंगी दगावते. म्हणून या काळात मक्याचा भरडा व शेंगदाणा पेंड द्यावी, मात्र हळूहळू वाढवत, कारण एकदम दिलेल्या धान्याने पोटात आम्ल साचते. नर लावण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक दिल्यास बीजे सुटण्याचे प्रमाणही काहीसे वाढते, विशेषतः मेंढ्या रोडावलेल्या असतील तर. पेंडीचा खर्च झेपत नसेल, तर जुळ्यांचा जनुक कळपात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. हाच नर त्याच्या मुलींना लावला तर चालेल का?

उत्तर १
नाही. जवळच्या रक्ताचा दोष तर येईलच, शिवाय काही कोकरांत जनुकाच्या दोन प्रती जमून पुढे तिळी होण्याची शक्यता वाढेल, आणि कडब्यावरच्या मेंढीला तीन कोकरे पाजणे झेपत नाही. मुलींसाठी हा जनुक नसलेला, बाहेरच्या कळपातील दख्खनी नर घ्यावा.