अंग बाहेर येणं: लहान थिएटरात काय करावं?

म्हादईकाठ:
गोव्यातल्या सत्तरीतलं छोटं रुग्णालय. कमरेतली भूल आणि ऑटोक्लेव्ह आहे. लॅपरोस्कोप (पोटात बघायची दुर्बीण) आणि सिस्टोस्कोप (मूत्राशयात बघायची) नाही, रक्त बाहेरून मागवावं लागतं. 'आंग भायर येता' म्हणत बायका येतात तेव्हा बहुतेकींचा प्रोलॅप्स (गर्भाशय खाली उतरणं) तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गेलेला असतो. सरसकट व्हजायनल हिस्टरेक्टमी (योनीतून गर्भाशय काढणं) आणि योनीच्या पुढच्या-मागच्या भिंतीची दुरुस्ती केली, तरी काहींचा वॉल्ट (योनीचा वरचा शिवलेला घुमट) पुन्हा खाली येतो. आहे त्या साधनांत काय बदलता येईल? आणि सत्तरीच्या (तालुका नव्हे, वय!) बाईला एवढं ऑपरेशन द्यावं का?

टाकाधागा:
पिशवी (गर्भाशय) खाली येते ती आधार सुटला म्हणून. पिशवी काढली तरी तो आधार सुटलेलाच राहतो, आणि पुढची-मागची दुरुस्ती वॉल्टला वर धरत नाही. म्हणून युटेरोसेक्रलचे (गर्भाशयाला मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाशी बांधणारे लिगामेंट) बुंधे बांधताना धागे लांब ठेवा, आर्टरी चिमट्यात धरून ठेवा आणि शेवटी वॉल्टला त्यांच्याशी बांधणारा मॅककॉल टाका घाला. १ नंबर व्हिक्रिल योनीच्या मागच्या भिंतीतून आत, एका बाजूचं युटेरोसेक्रल, मधलं पेरिटोनियम, दुसऱ्या बाजूचं युटेरोसेक्रल, आणि परत योनीत बाहेर. गाठ वॉल्ट शिवून झाल्यावर मारा.

इथे भीती युरेटरची (मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी नळी). तो लिगामेंटच्या बाहेरच्या अंगाने जातो, त्यामुळे टाका जितका वर आणि बाहेर, तितका युरेटर मुडपण्याचा संभव जास्त. सिस्टोस्कोप नसताना हाय युटेरोसेक्रलच्या (लिगामेंटला वरच टाके घालून वॉल्ट टांगण्याच्या) फंदात पडू नका. फॉली कॅथेटरमधून मिथिलीन ब्लू हा निळा रंग भरला की मूत्राशयाचं छिद्र कळतं, मुडपलेला युरेटर कळत नाही. ही गल्लत फार होते. ४ मिमीचा ३० अंशी हिस्टरोस्कोप (गर्भाशयात बघायची दुर्बीण) मिळाला तर तोच मूत्राशयात घालून दोन्ही बाजूंनी लघवी उसळते का ते बघता येतं. नंतर कुशीत दुखलं किंवा क्रिएटिनिन चढलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी करा.

वॉल्ट फारच सैल असेल तर उजव्या सॅक्रोस्पायनस लिगामेंटला टांगा. इस्कियल स्पाइनपासून (श्रोणीच्या हाडाचं बाजूचं टोक) २ सेंमी मध्यरेषेकडे, २ टाके. महागडं एकदाच वापरायचं यंत्र नको, देशाँची (मुठीची वाकडी) सुई उकळून-ऑटोक्लेव्ह करून वर्षानुवर्षं चालते. त्या टोकाच्या मागेच पुडेंडल रक्तवाहिन्या आहेत. रक्त आलं तर आंधळेपणाने क्लॅम्प मारू नका, आधी पॅक दाबून धरा. ढुंगणात दुखणं बहुधा सहा आठवड्यांत जातं. पण शुद्धीवर येताच पायात कळ जात असेल तर टाका लगेच काढा.

योनीतून जाळी बसवायचा विचारही नको. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या एप्रिलमध्ये तिची विक्री थांबवायला लावली.

कुळागर:
सत्तरीच्या बाईला (वयाने!) ल फोर्ट, म्हणजे योनीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवून ती बंद करणं. मात्र संबंध पुढे कधीच शक्य नाहीत, हे तिला एकटीला गाठून विचारा. मुलाने होकार देऊन चालत नाही. नंतर गर्भाशयमुखापर्यंत हात पोचणार नाही, म्हणून आधी पॅप (मुखाच्या पेशींची तपासणी) आणि गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी करा. पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल तर बायोप्सीशिवाय पुढे जाऊ नका.

पुढच्या आणि मागच्या भिंतीवरून आयताकृती कातडं सोला. मूत्रद्वाराजवळचे ३ सेंमी सोडून द्या, नाहीतर मूत्राशयाची मान मागे ओढली जाते आणि खोकल्यासरशी लघवी गळते. दोन्ही कडांना न सोललेल्या पट्ट्या ठेवा, स्राव त्या बोगद्यांतून बाहेर येतो. टाके गर्भाशयमुखाकडून सुरू करा, एकेक ओळ शिवली की अंग आपोआप आत जातं. शेवटी लेव्हेटर स्नायू जवळ आणणं आणि पेरिनियमची (योनी आणि गुदद्वार यांमधला भाग) दुरुस्ती टाळू नका.

स्थानिक भुलीवरही होतं. अॅड्रेनलिनसह लिग्नोकेन ५० किलोच्या बाईला ३५० मिग्रॅ, म्हणजे ०.५ टक्क्याचे ७० मिली, याच्या वर नको.

तरुण बाईला पिशवी ठेवायची असेल तर मँचेस्टर ऑपरेशन. पण त्यात गर्भाशयमुख कापलं जातं, पुढच्या गरोदरपणात त्याचा त्रास होतो. शिरोडकरांनी बदललेल्या पद्धतीत मुख न कापता युटेरोसेक्रल सोडवून मुखाच्या पुढे फुलीसारखी शिवतात. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या आपल्या शिरोड्याचेच, जन्म १८९९. त्यांचा गर्भाशयमुखाचा टाका सगळ्यांना ठाऊक, हे काम मात्र मागे पडलं.

सिस्टर_फोंडा:
तयारीचं थोडं. बाहेर आलेल्या अंगावर जखम असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. अंग आत ढकलून ग्लिसरीन-अॅक्रिफ्लेविनचा पॅक आणि इस्ट्रोजेन क्रीम, २-३ आठवडे. तरी भरली नाही तर बायोप्सी. चौथ्या पायरीवर मूत्रपिंड फुगलंय का हेही बघून घ्या. अंग आत धरून, मूत्राशय ३०० मिलीपर्यंत भरून खोकायला सांगा. लपलेली गळती तेव्हाच कळते, नंतर कळली तर 'ऑपरेशन बिघडलं' म्हणतात.

पॅक आणि कॅथेटर दुसऱ्या दिवशी काढा, मग लघवी झाल्यावर आत किती राहते ते मोजा. १५० मिलीच्या वर असेल तर कॅथेटर परत घाला.

आणि तारीख देताना शेती बघा. सहा आठवडे हंडा-कळशी, भारा काही उचलायचं नाही. काजूच्या किंवा लावणीच्या तोंडावर ऑपरेशन केलं तर ती पंधराव्या दिवशी ओझं उचलणारच. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावरची तारीख सोयीची. तोवर रिंग पेसरी (अंग वर धरणारी कडी) घालून ठेवा, दर तीन महिन्यांनी काढून धुवा आणि योनीत जखम झालीय का ते बघा.